तळं आटवायचं ठरलं तेव्हा

रविवारी तळ्याचा विषय निघणार हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून शनिवारभर सगळे एकमेकांशी फार गोड वागले. या घराची ही जुनीच रीत. भांडण उद्यावर आलं की आज इतका समजूतदारपणा चालतो की परक्या माणसाला हेवा वाटावा. दादाने आईच्या मोरीतला गळका नळ, कोणी सांगितलेलं नसताना, दुरुस्त करून दिला. सुनेने शिलाई मशीनवरची गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारून सासूच्या पडद्यांना नवी किनार लावली. आणि धाकटीने, जी एरवी स्वतःचा कपसुद्धा उचलत नाही, आल्या आल्या सगळ्यांच्या कपबश्या विसळल्या. धाकटी कपबश्या विसळते म्हणजे तिला काहीतरी मोठं मागायचं आहे, हे आईने तिच्या पाठीकडे बघूनच ओळखलं.

मागायचं होतं ते तळं.

चार इमारतींच्या मधोमध बाग आणि बागेच्या मधोमध हे तळं. बाग सगळ्या वस्तीची, पण तळं मात्र अजून 'गवंडीबाबांचं', म्हणजे दादा-धाकटीच्या वडिलांचं. तिथे एके काळी पाचवी इमारत व्हायची होती. पायाचा खड्डा खणून झाला आणि बांधणारा पळाला. मग लोकांनी त्या खड्ड्यात फुटक्या फरश्यांपासून मोडक्या पलंगापर्यंत घरातलं नको ते सगळं लोटलं. बाबांनी सुट्टीच्या दिवशी एकट्यानेच तो उपसायला घेतला तेव्हा गॅलऱ्यांतून लोक हसले, आणि वर्षभराने तेच लोक घमेली घेऊन खाली उतरले. बाबांनी दगडी कड बांधली, खाली उतरायला पायऱ्या केल्या. पावसाचं पाणी साठलं. बेडूक आले, त्यांना कोणी आणलेलं नव्हतं.

आता बाग सांभाळणाऱ्या समितीला तळं पुन्हा नीट करून घ्यायचं होतं. काम धाकटीच्या संस्थेकडे आलं होतं, कारण मेलेली तळी आणि ओढे पुन्हा जिवंत करणं हाच तिचा व्यवसाय. तिचा बेत साधा होता: या उन्हाळ्यात तळं पूर्ण आटू द्यायचं, त्यातले मासे काढून टाकीत सोडायचे, तळाचा चिखल उन्हाने तडकू द्यायचा, आणि पुढे दरवर्षी तळ्याने आपापलं भरावं आणि आपापलं आटावं. समितीची हरकत नव्हती. अट एकच, गवंडीबाबांच्या घरचे काय म्हणतात ते आधी कळू द्या. सोमवारी उत्तर द्यायचं होतं.

रविवारी दुपारी सगळे जेवायला बसले तेव्हा आत्या आपली बसायची उशी काखेत घेऊन आली. भावाच्या घरातली एकही खुर्ची तिला कधी पटलेली नाही. टेलिफोन खात्यात जन्म काढलेली ही बाई. दादा म्हणतो, नोकरीत असताना आत्या लोकांचे फोन जोडून द्यायची, आता भांडणं जोडून देते. पण ती आल्याशिवाय या घरात कुठला निर्णय होत नाही, आणि ती आल्यावर तर मुळीच होत नाही.

धाकटीने घसा साफ करून आपलं म्हणणं मांडलं. चांगलं मांडलं. पाणी बारमाही राहिल्याने डास कसे वाढले, डासांसाठी समितीने गप्पी मासे कसे सोडले, हे तिने एकेक करून सांगितलं. पुढचं मात्र तिने गिळलं. दादाने भाताचा घास पूर्ण चावला, पाणी प्यायला, आणि ताटाकडे बघत म्हणाला, "आईला चालणार नाही."

"आईला विचारलंस?"

"विचारायचं काय त्यात. मला माहीत आहे."

आईने वाटीतला चमचा उचलला आणि पुन्हा वाटीतच ठेवला.

दादाला खरोखरच माहीत होतं, निदान त्याची तशी खात्री होती. बाबा बऱ्याच वर्षांपूर्वी हिवाळ्यात गेले. त्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात पाणी उतरायला लागलं आणि आई रोज संध्याकाळी तळ्याच्या काठावर जाऊन बसायला लागली. नुसती खाली बघत राहायची. घरी आली की दोन घास चिवडून उठायची. दादाचा धंदा नळजोडणीचा. लोकांच्या भिंतीतलं पाणी कुठे मुरतंय ते त्याला बाहेरून कळतं, आईचं दुःख कुठे मुरतंय तेही कळलं असं त्याला वाटलं. त्याने कोणाला न विचारता बोअरच्या टाकीपासून तळ्यापर्यंत जमिनीखालून पाइप नेला, भिंतीजवळ व्हॉल्व्ह बसवला, आणि दिवस मावळायच्या आत पाणी सोडलं. पाणी वर चढलं. त्या दिवशी आई पोटभर जेवली. तेव्हापासून उन्हाळा लागला की रोज सकाळी कामावर जाण्याआधी तो व्हॉल्व्ह उघडायला जातो. तापात गेला, पाय मुरगळलेला असताना गेला. उन्हाळ्यात त्याने कधी गाव सोडलं नाही, आणि का सोडत नाही ते कधी बोलून दाखवलं नाही. त्याच्या मते काही गोष्टी बोलून दाखवल्या की त्यांची किंमत जाते.

आत्याने लगेच भाच्याची बाजू घेतली. माझ्या भावाची एवढी एक खूण उरली आहे, ती आटवायची म्हणजे काय, असा तिचा सवाल होता. सूनही नवऱ्याच्या बाजूने बोलली. म्हणाली, इतकी वर्षं चाललंय तर चालू द्यावं. हे बोलताना ती कोणाकडेच बघत नव्हती.

सुनेचं असं आहे की चारचौघांत ती नवऱ्याची बाजू घेते आणि खोलीचं दार लागलं की स्वतःची. लग्न होऊन आल्यापासून दर उन्हाळ्यात तिला समुद्राकाठी राहणाऱ्या बहिणीकडे जायचं होतं. दर वर्षी बॅग माळ्यावरून खाली यायची आणि रिकामीच वर जायची. एकदा ती चिडून नवऱ्याला म्हणाली होती, सवत असती तर निदान भांडता तरी आलं असतं, तळ्याच्या काय झिंज्या उपटू? तो हसला होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॉल्व्ह उघडायला गेला होता. पण याच हट्टी माणसावर तिचा जीव होता. आईसाठी एवढं करणारा माणूस आपल्यासाठीही वेळ आली तर करेल, असं ती स्वतःला समजावत आली होती.

तिघं एका बाजूला झालेले बघून धाकटीचा तोल गेला.

लहानपणी तिला सगळी वस्ती 'बेडकी' म्हणायची. ती तळ्यावरून हलायचीच नाही. बेडूक ओरडायला लागले की बाबा तिला उठवून काठावर घेऊन जायचे आणि म्हणायचे, ऐक, तुझे नातेवाईक आले. मागच्या वर्षी ती आवाज टिपायचं यंत्र घेऊन त्याच काठावर बसली होती. डास होते, मासे होते, कोणीतरी हौसेने सोडलेले दोन लाल मासेही होते. बेडूक एकही नव्हता. माशांनी अंडी खाल्ली होती, मासे डासांमुळे आले होते, डास बारमाही पाण्यामुळे, आणि पाणी कोणामुळे हे तिला चांगलं माहीत होतं. वर्षभर ती ते नाव तोंडात धरून बसली होती.

"बेडूक कोणी मारले माहीत आहे, दादा?" ती म्हणाली. "तू मारलेस."

दादाने ताट थोडं पुढे सरकवलं. त्याचे कान लाल झाले होते, लहानपणी चोरी न करता मार खाल्ल्यावर व्हायचे तसे. शब्द बाहेर पडताक्षणी धाकटीला ते परत घ्यावेसे वाटले, पण मग ती गप्प बसली नाही, उलट आणखी बोलत गेली. अंडी, मासे, चिखल, सगळं भडाभडा बोलली. ज्याला बरं वाटावं म्हणून माणूस कारणं सांगत जातो, त्याला त्या कारणांनीच जास्त लागतं, हे तिला कामात कोणी शिकवलं नव्हतं.

मग घडलं ते असं की आत्या फिरली. आधी तिने धाकटीला झापलं, मोठ्या भावाशी असं बोलतात का म्हणून. आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "पण खरं सांगायचं तर माझ्या भावाच्या हयातीत उन्हाळ्यात तळं कोरडंच असायचं की. त्याने कधी बादलीभर पाणी ओतलं नाही त्यात."

"तेव्हा बाबा होते," दादा म्हणाला. "तेव्हा कोरडं चालत होतं."

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. भांडण तिथेच मिटलं असतं, तळं भरलेलं राहिलं असतं, आणि हे घर पुढची वीस वर्षं असंच एकमेकांची मनं राखत जगलं असतं. पण सून उठली, सासूच्या खुर्चीजवळ जाऊन उभी राहिली, आणि जो प्रश्न इतक्या वर्षांत कोणाला सुचला नव्हता तो तिने विचारला.

"आई, तुम्हाला काय हवंय?"

आईने कोपऱ्यातली छत्री उचलली. मग म्हणाली, चला, तळ्यावर जाऊ, मला इथे बसून सांगता येणार नाही.

ऊन कडक होतं. आत्याने उशी डोक्यावर धरली. बागेतल्या वाटेवर पालापाचोळा वाजत होता, आणि मधोमध तळं काठोकाठ भरलेलं, हिरवट, गप्प. काठाशी आल्यावर आईने छत्री मिटली आणि तिच्या टोकाने पाण्यात खाली, शेवटची पायरी असेल त्या दिशेला दाखवलं.

"तिथे तळाशी एक दगड आहे."

दादा म्हणाला, माहीत आहे, बाबांनी गाळाची घमेली ठेवायला बसवलेला.

"घमेली ठेवायचा दगड एवढा गुळगुळीत कोण करेल?" आई म्हणाली. "ह्यांनी तो बसायला केला होता. दोघांना पुरेल एवढा."

मग तिने सांगितलं. सलग नाही, थांबत थांबत, मध्येच छत्री उघडत आणि मिटत. घर दोन खोल्यांचं, त्यात सासू, सासरे, नोकरीसाठी राहायला आलेली नणंद, दोन मुलं. नवरा-बायकोला बोलायला कोपरा म्हणून नव्हता. वरणात मीठ कमी आहे एवढं सांगायलाही साक्षीदार. उन्हाळ्यात तळं आटलं की तिचा नवरा काम संपवून फावडं घेऊन यायचा, ती घमेलं घेऊन निघायची, आणि दोघं पायऱ्या उतरून तळाशी जायची. खाली गारवा असायचा. वरून कोणाला दिसायचं नाही. वर्षभर साठवलेलं सगळं बोलणं ती तिथे बोलायची. दादाला शाळेतून काढायचं नाही हे तिथेच ठरलं. धाकटी होणार हे तिने नवऱ्याला तिथेच सांगितलं.

आत्याने डोक्यावरची उशी खाली घेतली. "म्हणजे तुम्ही रोज गाळ काढायला म्हणून जायचात ते?"

"गाळ पहिल्या चार दिवसांतच संपायचा, वन्सं."

सुनेला हसू आवरेना, तिने पदर तोंडाला लावला. आत्याने रागवायचं ठरवलं होतं, पण तिला ते जमलं नाही. ती एवढंच म्हणाली की आम्ही मात्र घरात बसून म्हणायचो, केवढी कष्टाळू सून मिळाली.

दादा हसला नाही. त्याने विचारलं, मग त्या उन्हाळ्यात तू काठावर बसून रडायचीस ते?

"रडत नव्हते रे. पाणी जायची वाट बघत होते. दगडाची कड दिसायला लागली होती. मला खाली जाऊन बसायचं होतं, एकदा. ह्यांच्याशी बोलायचं राहिलं होतं." ती थांबली. "आणि एक दिवस आले तर पाणी वर चढत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

आईने त्याच्याकडे बघितलं. आता सांगायला हरकत नाही असं तिला वाटलं असावं, किंवा आता नाही सांगितलं तर राहूनच जाईल असं.

"बाबा गेले तेव्हा तू रडला नाहीस. सगळं केलंस, सगळ्यांना सांभाळलंस, पण डोळ्यांतून टिपूस नाही. मला धास्ती बसली होती. आणि मग तू पाइप घेऊन आलास. दिवसभर चिखलात गुडघे रोवून एकटा खणत होतास, कोणाला हात लावू दिला नाहीस. मला वाटलं, हेच याचं रडणं. ते कसं थांबवू? म्हणून त्या दिवशी पोटभर जेवले. तुला दिसावं म्हणून."

"आणि पुढच्या वर्षी?"

"वाटलं, अजून व्हायचं असेल तुझं. मग तिसरं वर्ष आलं. मग विचारायचं कसं तेच कळेना. मला वाटत राहिलं, तुला हवंय."

"मला वाटलं तुला हवंय," दादा म्हणाला.

या घरात प्रेम कमी नव्हतं हो, कधीच नव्हतं. पण एकमेकांना न विचारता एकमेकांचं भलं करत सुटायची जी खोड या माणसांना आहे, तिच्यापायी बिचाऱ्या बेडकांचा निर्वंश झाला, एक बॅग वर्षानुवर्षं माळ्यावर रिकामी चढली, आणि एका बाईची हक्काची जागा पाण्याखाली राहिली.

दादा भिंतीजवळ गेला. वाकून त्याने व्हॉल्व्ह बंद केला. दर महिन्याला तो त्याला तेल घालायचा, त्यामुळे तो जराही कुरकुरला नाही. मग तो तसाच बागेच्या फाटकातून बाहेर पडला. चहाला आला नाही.

तो चिडला होता, आणि त्याचं चिडणं बरोबर होतं असं माझं मत आहे. इतकी वर्षं माणसाने आईला काही द्यावं आणि एका दुपारी कळावं की आपण ते तिच्याकडून काढून घेत होतो, तर त्याने कोणाच्या अंगावर जायचं? ती संध्याकाळ त्याने दुकानात पाइपांचे जोड मापाप्रमाणे लावण्यात घालवली. ते आधीच मापाप्रमाणे लावलेले होते.

धाकटी तिथे गेली. दारातच उभी राहून म्हणाली, मी मघाशी बोलले ते चुकलं.

"खोटं कुठे बोललीस."

"खरं होतं. पण तसं बोलायचं नव्हतं."

दादाने हातातला जोड फळीवर ठेवला. "बेडूक परत येतील?"

ती म्हणाली, सांगता येत नाही. आसपासच्या नाल्याकडेला असतील काही, आले तर येतील, आणि आपण मध्ये न पडणं एवढंच आपल्या हातात आहे. दादा म्हणाला, तेच आपल्या घरात कोणाला जमत नाही. मग दोघं बरोबर घरी आली.

सोमवारी समितीला होकार गेला.

त्यानंतर पाणी उतरायला लागलं. दादाची सकाळची सवय काही सुटेना. व्हॉल्व्ह उघडायचा नव्हता तरी त्याच वेळी जाग यायची, पाय तिकडेच वळायचे. रिकाम्या हाताने उभं राहायचं म्हणजे लाज, म्हणून त्याने मासे धरायचं काम अंगावर घेतलं. सुनेने जुन्या पडद्याची जाळी शिवून दिली. तो पायरीवर बसून गप्पी गाळायचा, बादलीत घालायचा, बादली टाकीत रिती करायचा. काठावरून जाणारे विचारायचे, काय हो, आज किती मिळाले, जेवायला येऊ का? तो म्हणायचा, या, ताट घेऊन या. लाल मासे सगळ्यांत शेवटी सापडले. सून बहिणीकडे जाऊन समुद्र बघून आली, नवऱ्याला घेऊन. तो तिथेही लवकर उठला आणि भरतीचं पाणी कुठवर येतं ते बघत बसला, असं ती आल्यावर सगळ्यांना सांगत होती.

ते परत आले तेव्हा तळ्यात डबक्याएवढं पाणी उरलं होतं, आणि थोड्याच दिवसांत तेही गेलं. चिखलाला भेगा पडल्या. शेवटच्या पायरीच्या खाली दगड मोकळा झाला.

त्या सकाळी आईने दादाचा दंड धरला आणि एकेक पायरी उतरली. पायऱ्या शेवाळ वाळून खरखरीत झाल्या होत्या. दगडावर मातीचा थर होता. दादाने तो आपल्या रुमालाने पुसला. आई बसली, मधोमध नाही, डाव्या बाजूला. उजवी बाजू तिने मोकळी ठेवली. इतक्या वर्षांनीही तिला आपली बाजू शोधावी लागली नाही.

दादाला वाटलं आपण आता वर जावं, तिला जे बोलायचं राहिलं आहे ते बोलू द्यावं. तो वळला.

"बस," आई म्हणाली.

"ती बाबांची जागा आहे."

"ते काही येत नाहीत आता. बस."

तो बसला. खाली खरंच गारवा होता. इमारती दिसत नव्हत्या, गॅलऱ्या दिसत नव्हत्या, वर नुसतं आभाळ. हात कुठे ठेवावे कळेना म्हणून त्याने ते दगडावर टेकले, आणि दगड जिथे पायरीला जोडला होता तिथे बोटांना बाबांची सांधेजोड लागली. आतून थापीने दाबून, मग अंगठ्याने कड काढलेली. इतकी वर्षं पाण्याखाली राहून कणभर सुटली नव्हती. बाबा नेहमी अंगठ्यानेच कड काढायचे. दादाने आपला अंगठा त्या खोबणीत ठेवला. तो नीट बसला.

मग तो रडला. लहान मुलासारखा, आवाज करून, नाक पुसायची शुद्ध न राहता रडला. आईने त्याच्या पाठीवर हात फिरवला नाही की उगी उगी म्हटलं नाही. ती फक्त थोडी त्याच्या बाजूला सरकली आणि समोरच्या भिंतीकडे बघत बसून राहिली.

सून त्यांना न्याहारीला बोलवायला आली होती. वरच्या पायरीवर ती थबकली, खाली एकदा बघितलं, आणि चपलांचा आवाज होऊ न देता मागे फिरली. घरात आत्या आपल्या उशीवर बसून वाट बघत होती. तिने विचारलं, ही दोघं कुठे राहिली, चहा गार होतोय.

"गाळ काढतायत," सून म्हणाली. "वेळ लागेल."